खांबाजवळची पांढरी साडी

४ नोव्हें., मंगळ.
परीक्षण लिहायला नवा डबा आला, व्हिडिओ दाखवणारा. टीव्हीला जोडायचा, पेढ्यांच्या पुड्याएवढा, पण पॅकिंग मात्र लग्नाच्या आहेराचं. उजेडाची दृश्यं आज उरकली. क्रिकेट, समुद्र, कार्टून. ठीक. उजेडात सगळेच डबे शहाणे असतात. खरी परीक्षा काळोखाची, ती एक-दोन दिवसांत.

बाबांनी न सांगता हॉलच्या खिडकीवर गोधडी टांगून ठेवली. दहिवलीत भर दुपारी रात्र करायची तर पडद्यांनी भागत नाही. खुर्ची टीव्हीसमोर ओढून बसले.

"आपली क्लिप लाव."

म्हटलं, आज नाही.

"या डब्यात तोंड दिसंल का गं तिचं?"

दर डब्याला हेच विचारतात. मी दर वेळी "बघू" म्हणते.

५ नोव्हें.
एकदा लिहून काढते, म्हणजे डोक्यातून जाईल. क्लिप मोहोपाड्याच्या विहारातली, गेल्या वर्षीच्या बुद्ध पौर्णिमेची. दिवे घालवून नुसत्या मेणबत्त्या. मी शूट केली ती कामासाठीच. हलती ज्योत, पांढऱ्या साड्या, मागे अंधारी भिंत... डब्याचा घाम काढणारं दृश्य. वाईट डब्यात सावल्यांचे चौकोन पडतात, भिंतीवर पट्ट्या उमटतात. तेव्हापासून प्रत्येक डब्याला तीच क्लिप. क्लिप बदलली तर तुलना कशाशी करणार?

आई तेव्हा होती. औषधांनी केस गेलेले, चेहरा सुजलेला. फोटो काढू द्यायची नाही. न्हाणीतला आरसासुद्धा काढायला लावला होता. विहारात आली ती दिवे बंद असणार म्हणूनच. "अंधार हाय ना? मग येते." जानेवारीत गेली. आजारपणातलं तिचं दुसरं काहीच नाही आमच्याकडे.

क्लिपमध्ये मागे, खांबाजवळ, डोक्यावरून पदर घेतल्यासारखं पांढरं काही आहे. बाबांनी शोधलं. हीच ती, म्हणाले. मलाही पटलं. पटवून घेतलं म्हणा.

६ नोव्हें.
बाबा बँकेत गेले, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला. एकटीने क्लिप लावली.

डबा फार चांगला आहे. चौकोन नाही, पट्टी नाही. भिंतीचे पोपडे दिसले.

खांबाजवळ आई नाही. स्टँडवरचा स्पीकर आहे. धूळ बसू नये म्हणून वर पांढरं कापड टाकलेलं. खालून वायर लोंबतेय.

मागे नेऊन पुन्हा बघितलं. स्पीकरच.

आधी हसूच आलं. इतके महिने आम्ही बाप-लेक एका स्पीकरसमोर डोळे पुसत होतो. मग हुंदका आला तो आवरेना. ती दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

७ नोव्हें.
बाबा बसायच्या आधीच टीव्हीचा उजेड पार खाली आणून ठेवला. खांबाजवळ नुसतं पांढरट धुकं. बाबा पुढे वाकून वाकून बघत होते.

"नाय दिसत."

"नाही ना."

"पुढच्यात दिसंल." उठले, गोधडी काढली, नीट घडी घातली.

इतकी वर्षं हे काम करतेय, सेटिंग खोटी लावली ती आज पहिल्यांदा. आणि कुणासमोर, तर बाबांसमोर.

९ नोव्हें., रवि.
सायलीचा फोन. आमच्या साइटची संपादक, तिला रविवार नसतो. "काळोखाचा भाग कुठंय? तेवढाच राहिलाय."

खरं लिहायचं तर काळोखात याच्या तोडीचा डबा मी पाहिलेला नाही. पण माझा प्रत्येक लेख बाबा वाचतात, मोबाईल नाकाशी धरून. म्हणून लिहिलं, 'अंधाऱ्या दृश्यांत निराशा.' त्या वाक्याकडे बघत बसले. कुणीतरी जीव तोडून बनवलेली वस्तू. लोक माझ्या भरवशावर खिशात हात घालतात. आणि कारण काय, तर माझ्या घरातलं दुःख.

खोडलं. खरं ते लिहून पाठवलं. आता बाबांना काय सांगू

१२ नोव्हें.
लेख आला. बाबांनी सकाळीच वाचला. चहा तसाच निवला. जेवताना तेवढं "भाजीत मीठ कमी हाय" म्हणाले. मीठ बरोबर होतं.

१३ नोव्हें.
अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. गोधडी टांगलेली.

"तू लिवलंयस, अंधारातलं समदं दिसतंय. मग मला का नाय दिसलं?"

"बाबा, नका बघू."

"लाव."

सेटिंग होती तशी केली. खांबापाशी क्लिप थांबवली. बाबा बघत राहिले.

"स्पीकर हाय."

"हो."

मला वाटलं खोटेपणाबद्दल रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मग ती कुठं व्हती गं?"

मला काय माहीत. मी सगळा वेळ कॅमेऱ्यात डोकं घालून होते.

१५ नोव्हें.
काल आणि आज, शोधतोय. थांबवायचं, जरासं सरकवायचं, परत थांबवायचं. बाबा बसण्यावरून बायका ओळखतात. "ही गायकवाडीण. ही आपल्या शेजारची, मान तिरकी हाय. ही कोण? आसू दे." आई नाही.

शेवटी मी म्हटलंच, तिला दिसायचंच नव्हतं बाबा. म्हणून तर अंधारात आली. आपण हे काय करतोय?

"लोकांना नव्हतं दाखवायचं. पन मला बी नाय दाखवलं गं तिनं. भिंतीकडं तोंड करून निजायची. मी ताट ठेवून भायेर गेलो का मग जेवायची. येवढा संसार केला... मी काय घाबरलो असतो तिला?"

बाबा रडले. आई गेली तेव्हाही रडले नव्हते. पाणी आणून दिलं. आई त्यांच्यापासूनही तोंड लपवायची, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं त्यांना नुसती आठवण हवी आहे.

१६ नोव्हें., रवि.
डबा उद्या परत जाणार. क्लिपचं शेपूट तेवढं बघायचं राहिलं होतं. कॅमेरा बंद करायला मी दाराकडे वळले, तेव्हाचं. कामाचं नाही म्हणून कधी पाहिलंच नव्हतं.

"थांबव."

चपलांजवळ, भिंतीला टेकून कुणीतरी बसलंय. पांढरी साडी. गुडघे पोटाशी, एक हात जमिनीवर टेकलेला. किंचित मागे नेलं, तर तो हात पदर सारखा करतो. बोटांवरूनच ओळखलं आम्ही दोघांनी. या वेळी फसायला जागा नाही. चेहरा सावलीत आहे, पण कॅमेऱ्याकडे वळलेला. म्हणजे माझ्याकडे बघत होती.

या डब्यात सावल्या उजळायची सोय आहे. लेखात मीच तिचं कौतुक केलंय. बटण थोडं दाबलं की चेहरा वर येईल.

"उजळू?"

बाबा खुर्चीवरून उठले, टीव्हीच्या अगदी पुढ्यात जमिनीवर जाऊन बसले.

"तिला इचारायला पायजे व्हतं."

"मग नको?"

"नको असं नाय म्हनलो."

रिमोट त्यांच्या हातात दिला. बटण कुठलं ते दाखवलं. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि तसेच बसून राहिले. तिथे थांबणं मला बरं वाटेना.

स्वयंपाकघरात येऊन चहा टाकलाय, उकळेपर्यंत हे लिहितेय. हॉलमध्ये अजून अंधारच आहे. बाबा हळू आवाजात काहीतरी बोलतायत. माझ्याशी नाही.