सुजेचं औषध

हुआइ साक, ३ मार्च

चि. दावनला बुसबाताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मी ओरडते आणि तू तो ठेवून देतेस, म्हणून लिहिते. बाबांना तुझ्या रुग्णालयात सोडून लगेच परतावं लागलं. इथे सून बाळंतीण. नर्सबाई म्हणाल्या, ताप हटत नाही, डॉक्टर भारी औषध द्यायला तयार आहेत, पण सही तुझी लागते आणि तूच अडवलंयस. गाव विचारतं, मुलगी औषधांवरची अधिकारी आणि बापालाच औषध नाही? काय सांगू?

गाडीवाल्या काकांबरोबर चिकट भात आणि भाजक्या मिरचीची चटणी पाठवते आहे. उपाशीपोटी नियम पाळू नकोस.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

रुग्णालय, ४ मार्च

ती. ताईस, दावनचा वाकून नमस्कार.

भात पोचला. अर्धा बाबांच्या शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनीच संपवला.

बाबांच्या रक्ताच्या, लघवीच्या चाचणीत जंतू उगवले नाहीत. मग ते औषध कशावर द्यायचं? उठसूट वापरलं तर पुढे ते कुणालाच लागू पडणार नाही, आणि त्याच्यापुढचं आमच्याकडे काही नाही. शेजारच्या आजोबांसाठीही हेच औषध मागितलं होतं, त्यांना मी नाही म्हटलं, मग बाबांना हो कसं म्हणू?

पण मन खात आहे. थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, कंबर दुखणं, सगळं जंतूंचंच लक्षण. प्रतिजैविक दिलं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू नाही म्हणालीस. आज बाबांचा सुजलेला गुडघा चेपताना वाटलं, आपल्या गावच्या शब्दांत विचारावं. त्यांना सुजेचं औषध दिलं होतंस का? रागावणार नाही. फोनवर पुन्हा भांडण होईल, म्हणून काकांच्याच हाती उत्तर दे.

तुझी माया अशीच राहो.
दावन

हुआइ साक, ४ मार्च

चि. दावन, आशीर्वाद.

दिलं होतं. गुडघा सुजला म्हणून दुकानातून लाल-काळ्या कॅप्सूल आणल्या, निघायच्या सकाळपर्यंत दिल्या. त्या डॉक्टर पोराने भलताच शब्द विचारला, मी नाही म्हटलं. आई आपल्याला घसा दुखला की द्यायची, तेच हे. माझ्या हातून बाबांना काही झालं का गं? काका दारात थांबलेत.

ताई

रुग्णालय, ५ मार्च

ती. ताईस नमस्कार.

तू ज्याला सुजेचं म्हणतेस, तेच प्रतिजैविक. त्याने चाचणीतले जंतू दबले, पण बाबांच्या अंगातले मेले नाहीत. उलट त्याला सरावले. म्हणून इथे आल्यापासून देत असलेलं आमचं साधं औषधही चालेना. तुझं पत्र वाचलं आणि भारी औषधावर सही केली. ताप उतरेल असं वाटतं, खात्री देत नाही.

खोटं तू बोलली नाहीस. विचारणारेच आम्ही परक्या भाषेत विचारत होतो. शेजारच्या आजोबांच्या मुलालाही आज पुन्हा विचारलं, या वेळी सुजेचं म्हणून. त्याने मान डोलावली.

रागातही लोभ ठेव.
दावन

हुआइ साक, १४ मार्च

चि. दावनला आशीर्वाद.

बाबा घरी सुखरूप पोचले. पणतवाला मांडीवर घेऊन बसलेत आणि त्याचं नाक तुझ्यासारखं नकटं आहे म्हणून हसतात.

तुझ्यावर रागावू की नको, ते अजून ठरलेलं नाही. तू बापाला परक्या माणसासारखं थांबवून ठेवलंस. आणि परक्या आजोबांना बापासारखं पुन्हा जाऊन विचारलंस. दोन्ही मला सारखंच आठवतं. सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सणाला, घरी ये. तुझं तोंड बघून काय ते ठरवीन.

तोवर आहे तोच लोभ.
ताई