दहा टक्क्यांतली जागा

४ फेब्रुवारी
बिझनेसच्या तिसऱ्या वर्षाचे नंबर लागले. मी दहावा. वर्गात नव्वद जण. हुशार विद्यार्थ्यांच्या मानाच्या सोसायटीत वरचे दहा टक्के घेतात, म्हणजे नऊ. पण नववा अँडर्स, माझा रूममेट. जानेवारीत बर्फावर त्याची गाडी घसरली, तो गेला. फार वाईट झालं. तरी गणित ते गणित. आता नववा मी.

हे लिहिताना रेडिएटरचा पाइप तीनदा वाजला. माझं उत्तर चुकलं की अँडर्स पेन्सिलने पाइपवर असंच ठोकायचा. वाफेचा पाइप आहे. वाजणारच.

११ फेब्रुवारी
ठराव: सोसायटीची पिन शोभेल असा सूट घेणे. अँडर्सच्या पलंगाकडे न बघणे.
सूट घेतला.
बाबांना फोन केला, निवड झाल्यात जमा आहे म्हणून. त्यांनी ट्रॅक्टरच्या दुकानात सगळ्यांना सांगून टाकलं. म्हणाले, आपल्या घराण्यात आजवर पिन लागली ती फक्त आजोबांच्या मांडीच्या हाडात.

३ मार्च, संध्याकाळ
समारंभात नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं, मेणबत्ती पेटवायची, मग सोनेरी दोरी गळ्यात. आरशासमोर सराव केला. आवाज खर्जात हवा. आरशात मागचा पलंग दिसला. चादरीवर कुणीतरी बसून उठल्यासारखा खळगा. मीच बसलो असेन.
मी त्या पलंगावर बसत नाही.
आरशावर टॉवेल टाकला. पुढचा सराव टॉवेलसमोर.

२१ मार्च
निमंत्रण नाही. पोस्टाचा ढिसाळपणा. वर्गातली टॅमसिन मेसमध्ये म्हणाली, तिचं कधीच आलं, आणि मी काय मेलेल्याच्या ताटावर टपून बसलोय का. म्हटलं, नियम आहेत. ती ट्रे उचलून दुसऱ्या टेबलावर गेली. जळते.

६ एप्रिल
डीनच्या ऑफिसात गेलो. रिकाम्या जागेची गोष्ट तिथल्या प्रुइटबाईंच्या कानावर घातली. म्हणाल्या, जागा रिकामी नाही. नंबर डिसेंबरच्या परीक्षेवरून लागतात, ती अँडर्सने दिली होती. म्हटलं, पण तो आता नाही. त्यांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. मग म्हणाल्या, बरं, वगळू त्याला. एकोणनव्वद उरले, अपूर्णांक आम्ही सोडतो, आले आठ. तू नववाच ना रे बाळा?

तपशिलाचा मुद्दा आहे. अपील करणार. मसुदा लिहायला बसलो तर पाइप इतका ठोकू लागला की वॉर्डनकडे तक्रार केली. तो म्हणाला, हीटिंग एक तारखेपासून बंद आहे.
अपील नंतर.

१४ एप्रिल
अँडर्सची आई सामान न्यायला आली. चादरीची घडी घालताना म्हणाली, समारंभात त्याचं नाव पुकारणार आहेत, मला काही तिथे उभं राहवायचं नाही. त्याच्या जागी तू राहशील का? तो सांगायचा म्हणे, माझा रूममेट गेलन गणितात ढ आहे, पण सोबत चांगली.
नाही म्हणायला तोंड उघडलं. हो म्हटलं. सूट होताच.

२५ एप्रिल
अँडर्स टॉलेफसन, असं पुकारलं. हजर म्हटलं. खर्ज लागला नाही. काडी वातीला लागेना. शेवटी टॅमसिनने मनगट धरलं. बाबा मागच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. नंतर त्यांनी विचारलं, हे लोक नाव चुकीचं का पुकारत होते.

दोरी उघड्या गादीवर ठेवली आहे. उद्या त्याच्या आईकडे पाठवेन.

वर लिहिलं होतं: आज मला मान मिळाला. तीन ठोके.
खोडलं. आज अँडर्सला मान मिळाला.
पाइप गप्प.