बूट पॅकेजमध्ये बसत नाही

सिस्टर, मंगळवार, दहा जून, सकाळी सव्वाअकरा. तक्रारीत आधी तारीख आणि वेळ, मग घटना, विशेषणं मुळीच नकोत, असं तुम्हीच कॉन्व्हेंटात आठवीत शिकवलंत. तारीख आणि वेळ दिली. विशेषणांचं आज माझ्याकडून जमणार नाही.

माझी भाची चार वर्षांच्या मुलीला घेऊन जळकोटहून नांदेडला आली आहे. मुलीचं उजवं पाऊल जन्मापासून आत वळलेलं. सरकारी विमा योजनेच्या कार्डावर ऑपरेशन झालं, एक पैसा लागला नाही आणि डॉक्टरांनी काम चोख केलं. हे आधी लिहिते, नाहीतर तुम्ही समासात लाल शाईने खूण कराल. पाऊल सरळ झालंय. सोमवारी प्लास्टर निघेल आणि त्याच दिवसापासून पट्ट्यांचा खास बूट घालायचा, पुढची काही वर्षं. नाही घातला तर पाऊल हळूहळू पुन्हा आत वळतं. म्हणून आम्ही गेल्या आठवड्यात योजनेच्या खिडकीवर गेलो. आतले साहेब संगणकाकडे बघतच म्हणाले, "बूट पॅकेजमध्ये बसत नाही."

"मग काय बसतं?"

"ऑपरेशन, प्लास्टर, जेवण, घरी जायचं भाडं. बूट म्हणजे साहित्य, मॅडम. उपचार नाही."

"आणि बुटाविना पाऊल परत वळलं तर?"

"तर घेऊन या की. दुसरं ऑपरेशन बसतं."

सिस्टर, हा माणूस थट्टा करत नव्हता. मदतीच्या सुरात सांगत होता! भाची पुढे सरकली. "म्हंजी लेकराचा पाय वाकडा होऊ द्यायचा, अन् मग तुमी फुकट कापणार व्हय?" तो म्हणाला, "ताई, नियम काय मी केला का?" या देशात नियम कोणीच केलेले नसतात, ते पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्यांसारखे आपोआप उगवतात.

मला तुमचा भूगोलाचा तास आठवतो. नकाशाकडे वळताना तुमच्या अधू पायाला बांधलेल्या कॅलिपरचा पट्टा तुटतो, झग्याखालून लोखंड फरशीवर खणकन वाजतं. तुम्ही खुर्ची ओढता आणि म्हणता, "मुलींनो, माझा पाय दुरुस्तीला जातो आहे. तोवर नकाशा माझ्याकडे आणायचा." पाय म्हणालात तुम्ही. साहित्य नाही. तो परत येईपर्यंत तुम्ही खुर्चीतून शिकवलंत आणि तुमच्या चिडचिडीने सगळा वर्ग भाजून निघाला. त्या खिडकीसमोर माझ्याऐवजी तुम्ही हव्या होतात.

पेन्शनीत मला बूट परवडतो. तसं म्हटलं तर भाची माझ्यावरच उखडली. "मावशी, माझ्याकडं कार्ड हाय. मी काय भीक मागून राहिले का? तू पैशे भरलीस की त्यो खिडकीतला म्हणंल, बघा, झालं की न्हाई समदं नीट!" ती बरोबर बोलते आहे. शेजारच्या खाटेवर लोह्याची एक बाई आहे, तिच्या मुलालाही तसंच प्लास्टर. आम्ही परतलो तेव्हा तिने हळूच विचारलं, "काय म्हणले वो?" तिला पेन्शनवाली मावशी नाही.

मी अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर नाही. विचारलं की म्हणतात, "वर पाठवलाय." वर म्हणजे कुठे, कोणी सांगत नाही. तुम्ही मात्र नक्की वर आहात, म्हणून तुम्हाला लिहिते आहे, टाकायला पेटी नसली तरी. ज्याच्यापुढे तुम्ही आम्हाला रोज सकाळी गुडघे टेकायला लावायचात, त्याला विचारा: चालता येणं हे उपचारात धरतात की नाही? धरत नसतील, तर सरळ केलेलं पाऊल पुन्हा वाकण्याची वाट आम्ही का पाहायची? लेखी उत्तर सोमवारी सकाळी दहाच्या आत मिळावं. तोंडी आश्वासन चालणार नाही. दहानंतर मी भाचीला न विचारता बूट आणणार आहे, आणि त्यांच्या दप्तरी ही तक्रार मिटलेली असेल. काल दुपारी मुलगी झोपली होती, तेव्हा तिच्या चांगल्या पायाचं माप मी गुपचूप घेऊन ठेवलं.