सुट्टीची बासरी

मंगळवार, १४ जुलै २०१५, हायडेलबर्ग

पोळ्याला गावी जायला सुट्टी मागितली, तर हॉटेलमालक दादा म्हणतो, "तुझा उरलाउब फेब्रुवारीतच संपला की रे!" फेब्रुवारीत हॉटेल बंद होतं, तेव्हा पंधरा दिवस मी किचन रंगवत होतो. त्याने फाइल उघडून त्याच पंधरा दिवसांच्या सुट्टीचा कागद दाखवला. सही माझीच.

आठवतंय मला. सही केली त्या दुपारी त्याने ते इंग्रजी संगीत लावलं होतं, बासरीचं. म्हणाला, "ऐक, शहरातला माणूस सुट्टीला खेड्यात आलाय. ही बासरी म्हणजे त्याची सकाळ." मी डोळे मिटून पार आमच्या ओढ्यापर्यंत जाऊन आलो. मग त्याने कागद पुढे सरकवला. जर्मन कुठं वाचता येतं मला? कसला कागद म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आपल्याच तालुक्यातला ना तू? कर सही." केली.

परका असता तर कुणाकडून तरी वाचून घेतला असता. आपला म्हणूनच फसलो का? आणि आईला काय सांगू? तिने बैलांच्या झुली धुवायला काढल्यासुद्धा.

आज संध्याकाळीही त्याने तेच लावलं. मी पाठ फिरवून कढई घासत राहिलो. संगीत थांबलं तरी बासरी चालूच. बघतो तर मीच शीळ घालतोय.