रीळ उजवं की डावं

३ ऑक्टोबर, शुक्र.
मुग्धाचा ॲबर्डीनहून मेसेज. डिसेंबरात येताना मासेमारीचं रीळ घेऊन येईल. तिचा घरमालक म्हातारा नदीवर सामन मासे धरणारा, त्याच्या ओळखीचं दुकान आहे. पण बनवून मिळायला वेळ लागतो, म्हणून महिनाअखेरपर्यंत सांगायचं. प्रश्न असे: आकार कुठला, ब्रेक कुठला, हँडल उजवं की डावं. "बाबा, नीट विचार करून सांग. हँडलची बाजू नंतर बदलत नाही."
आकार आणि ब्रेक यावर लगेच लांबलचक लिहून पाठवलं. हँडलचं राहिलं.

त्याच म्हाताऱ्याने पावसाळ्यात आपला जुना, दोन हातांनी धरायचा गळाचा रॉड पाठवला. मे महिन्यात वास्को बंदरात टगवर, जहाजं ओढणाऱ्या आमच्या बोटीवर, दोर ओढताना माझा उजवा खांदा गेला, तेव्हापासून रजेवर, आणि एका हाताने डोक्यावरून गळाची दोरी फेकणं बंद. या रॉडला दोन्ही हात लागतात, खांदा वर न्यावा लागत नाही. दोरी मागे न टाकता समोरच्या पाण्यावरच वळवून सोडायची. या फेकीला स्पे म्हणतात. किरणपाणीच्या आमच्या खाडीकाठाला हेच बरं. पाठीला कांदळाची झाडी, मागे फेकायला जागाच कुठे आहे?

रॉड आहे, त्याला साजेसं रीळ नाही. घरात बसवत नाही.

५ ऑक्टो., रवि.
जुनं रीळ लांब रॉडला लावून पाहिलं. फार हलकं. टोक सारखं खाली पडतं, मनगट भरून येतं. वर ब्रेकमध्ये मीठ बसलेलं, मध्येच अडकतो. चोणकासारखा मोठा मासा लागला तर पहिल्या धावेत दोरी तुटेल.
बायको, सुलभा, शाळेचे पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "रॉड आयलो तेन्ना, 'आता आणखी काय नको' म्हणालात."
तिचं खरंच होतं.

९ ऑक्टो., गुरु.
साखळीला सदानंदच्या दवाखान्यात. शाळेपासूनचा मित्र, दातांचा डॉक्टर, आणि खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीचं वेड माझ्याइतकंच. पेशंट आ करून बसलेला, आणि हा ड्रॉवरमधून रीळ काढून माझ्या हातात देतो. काय चीज आहे. ब्रेक पूर्ण बंद डबीत, आत वाळू नाही, मीठ नाही. फिरवलं तर आवाजसुद्धा येत नाही.

म्हातारा मात्र मुग्धाकरवी सांगतोय की दोन हातांच्या रॉडला जुन्या पद्धतीचं, कटकट वाजणारंच रीळ शोभतं. ब्रेक जवळजवळ नाहीच, मासा पळाला की तळहात रिळाच्या कडेला लावून थांबवायचं. नदीत चालत असेल. आमच्या तामशासारख्या दांडग्या माशाने तळहाताची साल काढली असती. आणि तळहात उजवा की डावा, तो प्रश्न परत आलाच.
स. म्हणाला, पुढच्या शनिवारी हेच लावून बघू या.

१२ ऑक्टो., रवि.
मुग्धाला सकाळी लिहिलं, मोठा आकार. दुपारी लिहिलं, एक नंबर लहान, कारण दिवसभर उचलायचंय. संध्याकाळी परत मोठा, रॉडला वजन हवं. तिने नुसता अंगठा पाठवला. नंतर: "आणि हँडल?"
काठावर जाऊन आलो. ओहोटी. पलीकडे आरोंद्याच्या बाजूला कोणी जाळं सुकवत होतं. परत घरी. परत काठावर.

१८ ऑक्टो., शनि.
लिहू नये असं वाटतं. लिहितो.

स.चं रीळ माझ्या रॉडवर. गढूळ पाणी ओसरलेलं, भरती चढत होती. दोरी पहिल्यांदाच मनासारखी पडली, कांदळाच्या मुळांना लागून. स.च्या रिळाचं हँडल उजवं, माझी पहिल्यापासूनची सवय तीच, रॉड डाव्या हातात, फिरवायचं उजव्याने. म्हणून निर्धास्त होतो.

चोणक लागला. मोठा. एकदा पाण्याबाहेर येऊन डोकं झटकलं तेव्हा दिसला. पहिली धाव ब्रेकने सांभाळली. मग फिरवायची वेळ आली, आणि थोड्याच वेळात उजव्या हाताची बोटं गेली. दुखली नाहीत. नुसती बधिर झाली, पकडच गेली. हँडल बोटांतून निसटून उलटं फिरलं, दोरी सैल, मासा मुळांकडे. स.ने रॉड धरायला हात पुढे केला आणि मी त्याच्यावर ओरडलो. हात लावू नको म्हणालो. आणखीही काही म्हणालो.
मासा गेला. दोरी मुळात अडकली, स.ने पाण्यात उतरून सोडवली. माझ्या बोटांकडे पाहिलं. रीळ काढून घेतलं, पुसलं. चहाला न थांबता गेला.

बोटांना मुंग्या येतात हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. खांद्याच्या डॉक्टरलाही अर्धवटच. खांदा बरा आहे असंच सगळीकडे चाललंय. टगच्या इंजिनरूममध्ये पकड नसलेला सेकंड इंजिनियर कोण ठेवेल?

२० ऑक्टो., सोम.
दिवाळी. पहाटे नरकासुर जाळला. घरी पोहे, ताकातले, बटाट्याचे, गुळाचे. ताकातल्या पोह्यांची वाटी माझ्या हातातून पडली. फुटली नाही, पण सगळे पोहे जमिनीवर.
सु. फडकं घेऊन आली. पुसता पुसता म्हणाली, "शर्टाचे बुतांव लावूक तुमका किती वेळ लागता, ता मी जुलयपासून बगतंय."
मी म्हटलं, मग विचारलं का नाहीस?
"तुमी सांगशात म्हणान." मग फडकं पिळताना, पाठमोरी, "माज्यापासून लपयलात ता सोडा. टगार दुसऱ्यांचो जीव तुमच्या हातात असता."

तेवढ्यात पाहुणे आले. दिवसभर पोहे, फराळ, हसणं. मी जनेलापाशी उभा, बाहेर बघत.

२४ ऑक्टो., शुक्र.
खांद्याच्या डॉक्टरकडे गेलो. सु. बरोबर. सगळं सांगितलं. मानेपासून येणारी शीर ओढली गेलीय, सुधारेल, पण किती ते सांगता येत नाही म्हणाले. परत येताना बसमध्ये सु.ने माझा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला होता. पकड बघत होती की काय कोण जाणे.

२९ ऑक्टो., बुध.
मुग्धाला लिहिलं: आकार मोठा. ब्रेक बंद डबीतला. हँडल डावं.
पाठवून झाल्यावर अंगणात फेऱ्या मारल्या. परत बदलावंसं वाटत होतं. बोटांना उद्या जाग आली तर? इतकं चांगलं रीळ, जन्मभराचं, आणि उलट्या हाताचं.
तिचं उत्तर: "डावं का रे?" मग फोन केला, तिलाही सांगितलं. ती म्हणाली, आताच दुकानात जाते.

८ नोव्हेंबर, शनि.
जुनं रीळ उलटं बसवून डाव्या हाताने फिरवायची सवय करतोय. लहान मुलाने डाव्या हाताने जेवावं तसं. गोल फिरतच नाही, चौकोनी फिरतं. पाववाला पोदेर उंडे द्यायला आला, थांबून बघत राहिला. विचारलं, काय दुरुस्त करतंस? म्हटलं, हात.

१६ नोव्हें., रवि.
स. आला. आपणहून. मी साखळीला जायचं ठरवत होतो, रोज ठरवत होतो. बाल्कांवात, दाराबाहेरच्या बाकावर बसला, चहा घेतला. मी माफी मागायला लागलो तर त्याने हात हलवला.
म्हणाला, "माजी बोटां अशी जाली असती तर मी पण कोणाक सांगलां नसतां. दात काढूक कोण येतलो माजेकडे?"
मग रीळ डावं मागवलं हे ऐकून नाक मुरडलं. त्याच्या मते डाव्याने मोठा मासा ओढवतच नाही. तासभर वाद. फार बरं वाटलं.

२ डिसेंबर, मंगळ.
वास्कोहून कंपनीचा फोन. नव्या वर्षात खांद्याची तपासणी, मग निर्णय. टग, नाहीतर किनाऱ्यावर स्टोअरची नोकरी, नाहीतर काहीच नाही. स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट मोजायचे. सु.ला सांगितलं. ती म्हणाली, स्टोअरलाही माणूस लागतोच. मला राग आला, कारण ते खरं होतं.
झोप नीट नाही.

२१ डिसें., रवि.
मुग्धा आली. बारीक झालीय. बाकीचं सामान काढायच्या आधी रीळ बाहेर. काळसर राखाडी, पितळी स्क्रू, हातात भरणारं वजन. रॉडला लावलं, बोटावर तोलून पाहिलं, रॉड आडवा राहिला. पडला नाही. मायलेकी माझ्याकडे बघत होत्या म्हणून मी रिळाकडे बघत राहिलो.
म्हाताऱ्याने निरोप दिलाय, कटकट वाजणारं घ्यायला हवं होतं. सगळीकडचे मासेमार सारखेच.

६ जानेवारी, मंगळ.
वास्को. कंपनीचा नवा डॉक्टर, तरुण. "दोन्ही हातांनी माझी बोटं दाबा," म्हणाला. दाबण्याआधी मी सांगितलं, उजवा भरवशाचा नाही. त्याने वर पाहिलं. म्हणाला, हे सांगितलं नसतंत तर मला आज कदाचित कळलंही नसतं, आज पकड बरी आहे. मग बराच वेळ लिहीत राहिला.
बाहेर धक्क्यावर आमचा टग उभा होता. वर गेलो नाही. खालूनच इंजिनचा आवाज ऐकला. माझ्या जागी कोणीतरी नीट लक्ष देतंय. तेही बरं नाही वाटलं.
कळवू म्हणाले.

१५ जाने., गुरु.
मुग्धा गेली त्याला चार दिवस झाले. घर रिकामं. सु. शाळेत. भरती दुपारची, एकटाच गेलो.
कांदळाच्या कडेला तामसो लागला. या रिळावरचा पहिला. मुळांकडे धावला, ब्रेक घट्ट केला, रॉड उजव्या हाताच्या कोपराखाली दाबून धरला आणि डाव्याने फिरवत राहिलो. चौकोनी का होईना. तेवढ्यात खिशात फोन. वाजून थांबला, परत वाजला. दोन्ही हात गुंतलेले. मासा एकदा सुटतोय असं वाटलं, नाही सुटला. काठावर आणला, तांबूस, दात विचकलेला. तोंडातली गरी काढून सोडून दिला.

मग फोन पाहिला. वास्को, दोन वेळा. निर्णयच असणार.
उलट फोन केला नाही. भिजलेल्या कपड्यांनीच घरी आलो. सु. शाळेतून आलेली. फोन तिला दाखवला. तिने फोन घेऊन मेजावर ठेवला आणि विचारलं, मासा केवढा होता.
सांगितलं. दोन्ही हातांनी दाखवलं.
फोन अजून तिथेच आहे. उद्या करीन.