उरलेले कापड परत मिळेल

मी, वामन दादाजी वाढोणकर, वय वर्षे एक्याऐंशी पूर्ण, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण (दाखला लोखंडी पेटीत आहे), धंदा पुरुषांचे कपडे शिवणे, सध्या निवृत्त, राहणार हुडकेश्वर, नागपूर, असे लिहून ठेवतो की आज माझे चित्त ठिकाणावर आहे. गेल्या महिन्यात ते काही दिवस ठिकाणावर नव्हते. त्या दिवसांत लिहिलेला कागद या लेखाने रद्द समजावा. हा लेख माझ्याच अक्षरात आहे. कोणी सांगितले म्हणून मी तो लिहीत नाही. मला कोणी काही सांगावे अशी आमच्या घरात रीतच नव्हती, आणि पुढील प्रकार त्यामुळेच घडला.

कलम १. हुडकेश्वर येथील माझे स्वकष्टार्जित घर व बँकेतील ठेव माझा मुलगा चिरंजीव जितेंद्र याला मिळावी. घरासमोरील दुकानाची खोली यात धरू नये. ती मोबाइल दुरुस्तीवाल्यास भाड्याने देण्याचे त्याने परस्पर ठरवले होते, असे मला त्या मोबाइलवाल्याकडूनच कळले.

कलम २. फ्रीज घरातच राहील. मात्र त्यात ठेवलेल्या प्रत्येक वाटीवर आतील पदार्थाचे नाव लिहावे. सप्टेंबर महिन्यात मी जवसाची पेज समजून एक वाटी मीठ घालून खाल्ली. माझी नात खुशी दारातून ओरडली, "आबाजी, ते केसाले लावाचं होतं!" मी थक्क झालो. जवस खाण्याची वस्तू आहे, हे मी तिला समजावून सांगितले. ती म्हणाली, "बाजारातली बाटली महाग पडते ना. हे घरीच होते अन् केस दिवसभर बसून राहतात." माझे पोट नंतर दोन दिवस उत्तम होते, तथापि तो पुरावा मी मानत नाही.

कलम ३. हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने बसून वाचावे.

सन १९७३ पासून माझ्या दुकानावर पाटी आहे: 'वामन टेलर्स. फक्त पुरुषांचे कपडे. उरलेले कापड परत मिळेल.' तिसरी ओळ माझी अब्रू होती. इतर शिंपी उरलेल्या कापडाच्या पिशव्या, टोप्या करीत. मी वीतभर पट्टीसुद्धा गिऱ्हाइकाला परत पाठवीत असे. कपडा मी बेतावा, शिवावा, इस्त्री करावा. कातरण सोबत बांधून घरपोच देण्याचे काम माझी पत्नी कै. भागीरथा हिचे. मी मशीन सोडून कधी कोणाच्या दारात गेलो नाही.

याच ओळीपायी सन १९८८ साली मी काज-बटण करणारे माझे मित्र भैय्याजी यांच्याशी बोलणे बंद केले. त्यांनी गिऱ्हाइकाच्या लाल कापडाचा तळहाताएवढा तुकडा ठेवून तंबाखूची चंची शिवली होती. मी चार लोकांत त्यांना चोर म्हटले. अकरा वर्षे आम्ही समोरासमोर राहून बोललो नाही. पुढे त्यांच्या मुलीच्या लग्नात बोलणे सुरू झाले, पण तो शब्द मी परत घेतला नाही.

आता ९ ऑक्टोबर. दुपारी चारच्या सुमारास खुशीने मला तिच्या मोबाइलवर स्वतःचेच चित्रण दाखवले. ती एका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर नोकरी करते, आणि कमी पैशात रोज नीटनेटके कसे दिसावे हे मोबाइलवरून मुलींना शिकवते. बिटाचा रस ओठांना, जुन्या ओढणीचा झगा, असे तिचे विषय असतात. त्या दिवशी तिच्या अंगात बिनबाह्यांचे जाकीट होते, चार चार बोटे रुंद पट्ट्या जोडून केलेले. जाकीट मी पूर्वी पाहिलेले नव्हते. पट्ट्या मात्र पाहिलेल्या होत्या.

तपकिरी चौकडी, धरमपेठेतील मुख्याध्यापकांची सफारी, सन १९८४. राखाडी रेघ, जरीपटक्यातील एका व्यापाऱ्याच्या लग्नाचा सूट. खाकी, एका बस कंडक्टरची पँट. ही सर्व कातरण मी परत केलेली होती. मी उठून उभा राहिलो आणि पुन्हा बसलो.

"कुठून आणलं हे?"

"आजीच्या दिवाणातून. तीन पोते भरून आहेत, आबाजी. तुमाले माहीतच नव्हतं?"

"कोणाचं कापड आहे ते, समजते का तुले?"

"आता तर माझं आहे! पाहा ना, कसं मस्त दिसून राहिलं. फेकाचं काहून?"

पोती उघडली. मी दुकान चालवले त्या शेहेचाळीस वर्षांतील माझ्या हातचे प्रत्येक कापड त्यात होते. प्रत्येकाची एकच पट्टी, चार बोटांची, नीट घडी करून. त्या संध्याकाळी मी एक कागद लिहिला: खुशीस काहीही देऊ नये, कात्री मोडीत घालावी, दुकान हवे त्यास द्यावे. भागीरथेचा फोटो मी स्वतः उतरवला. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला, तो पाहवेना म्हणून तेथे कॅलेंडर लावले.

नंतर मी ठरवले की जे हयात आहेत त्यांचे कापड हातोहात परत करावे. पहिली पट्टी घेऊन ऑटोने धरमपेठेस गेलो. एकट्याने जाऊ नका म्हणून खुशी सोबत आली. मी तिच्याशी बोललो नाही. मुख्याध्यापक वारले आहेत. त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई यांच्यापुढे मी पट्टी ठेवली व माझ्या घरातून चोरी झाली असे सांगून क्षमा मागितली.

त्या पट्टीकडे पाहून हसल्या. "अहो वामनराव, ही तर मीच दिली होती! भागीरथाबाई दारातच पुडकं सोडायच्या आणि विचारायच्या, बाई, यातली चार बोटं ठेवू का? नाही म्हटलं तर तसंच बांधून देईन. मी कशाला नाही म्हणू? एवढंच सांगायच्या, आमच्या घरी कळू देऊ नका, ते जेवण सोडतील."

"आणखी कोणाला ठाऊक होते?"

"सगळ्या बायकांना. पुरुषांचं मला माहीत नाही."

परतताना खुशी ऑटोत तोंडाला ओढणी लावून हसत होती. शेवटी म्हणाली, "आजी तर तुमच्याहून पक्की निघाली, आबाजी." मी तिला हसू नकोस म्हटले नाही.

शेजारच्या यमुताईंना (माहेरही याच वस्तीतले) विचारले, तर त्यांनी पदर सावरून सांगितले, "भाऊजी, मले पाहाले पाहुणे आले तवा अंगावरचं पोलकं फाटकं होतं. वयनीनं तुमच्या सुटाच्या पट्ट्यायचं शिवून देल्लं. तुमीच म्हणाले होते, गळा कोणं बसवला, चांगला बसला." मला ते आठवले. मी तसे म्हणालो होतो. या वस्तीतील कितीतरी मुली भागीरथेच्या हातचे घालून पाहुण्यांसमोर गेल्या, नोकरीला गेल्या, आणि मी दुकानात बसून त्यांची शिलाई पाहत होतो.

फोटो परत भिंतीवर लावला आहे. कॅलेंडर जितेंद्रने न्यावे.

कलम ४. दुकानाची खोली, पायडल मशीन व दहा इंची कात्री खुशीला मिळावी. तेथे तिने आपले काम करावे. पाटीवरील 'फक्त पुरुषांचे कपडे' ही ओळ खरवडून काढावी. तिसरी ओळ तशीच ठेवून तिच्याखाली लिहावे: 'किंवा विचारून ठेवले जाईल.' माझा काळा कोटही तिचाच. त्याच्या बाह्या काढण्याची परवानगी तिने दोनदा मागितली होती व पहिल्या वेळी मी जेवलो नव्हतो. आता काढाव्यात, परंतु कात्रीने नव्हे, शिवण उसवून. आणि खांद्याची टीप तिने सरळ मारावी. त्या जाकिटावर ती डावीकडे वाकलेली आहे.

कलम ५. भैय्याजींना मी चोर म्हटले, तो शब्द या लेखाने परत घेतो. साक्षीदारास मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकिलांनी सांगितल्यामुळे सुई टोचू नये म्हणून वापरायचे माझे पितळी अंगुस्तान आज त्यांच्या बोटात हातानेच घातले. तेव्हा कळले की पोत्यांची गोष्ट त्यांना १९८८ च्या आधीपासून ठाऊक होती. भागीरथेच्या ब्लाउजची काजे तेच करून देत. मी विचारले, "मी चार लोकांत तुले चोर म्हटलं, तवा काहून नाही सांगितलं?"

ते अंगुस्तान फिरवत म्हणाले, "सांगतलं असतं तर तू तिच्याशीही बोलणं सोडलं असतं ना गा."

हे खरे आहे. म्हणून लिहून ठेवतो.

कलम ६. माझ्या अंगावर घालण्यासाठी जे नवे पांढरे कापड आणले जाईल, त्यातील चार बोटांची पट्टी खुशीने आधी कापून घ्यावी व तिसऱ्या पोत्यात सर्वांत वर ठेवावी. भागीरथेने सगळ्या गावाला विचारले, मला विचारले नाही. विचारले असते तर मी नाही म्हटले असते. यास्तव आजच लेखी देतो: ठेवून घे.

ठिकाण: हुडकेश्वर, नागपूर. दिनांक १७ नोव्हेंबर २०२५.

सही: वामन दादाजी वाढोणकर

आमच्या डोळ्यांदेखत वामनरावांनी सही केली व त्यांच्या डोळ्यांदेखत आम्ही केली:

१. भैय्याजी नत्थूजी शेंडे, काज-बटण कारागीर
२. यमुताई केशव बावणे, शेजारीण