उकडणारा पोलीस

शनिवार, चौदा तारीख

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघी मजेत आहोत. 'दोघी' वाचून तुमच्या भुवया वर गेल्या असतील, तर राहू द्या तशाच. त्याच्यावर पुढे येतेच.

आधी बाकीची खबरबात. तुम्ही वर्षभर 'उद्या बघतो वहिनी' म्हणत होता तो स्वयंपाकघरातला नळ सासूबाईंनी चिंधी बांधून बंद केला. कुंडीतल्या लिंबाला एकदाचं फळ धरलंय. माझं मनगट आता बरं आहे, कपडे पिळता येतात.

तुमचा निरोप मिळाला. 'वहिनी, तुमचं घर माझ्यामुळे मोडलं, माफ करा. सोमवारी राजीनामा देतोय.' मी फोन करणार होते. पण फोनवर मी रडते, तुम्ही नुसतं 'हो हो' करता आणि बोलायचं राहून जातं. म्हणून हे पत्र. शेजारच्या मुलीच्या हाती पाठवते. पूर्ण वाचा, मगच काय तो राजीनामा द्या.

चौकीत तुमच्याशी कुणी बोलत नाही, तुमचा चहासुद्धा मागवत नाहीत, हे माझ्या कानावर आलंय. 'उकड्या' नाव ठेवलंय म्हणे. ठेवू देत. त्या थंडीची गंमत यांनी मला जेवताना सांगितली होती, तुमच्या अंगावर कॅमेरे आले तेव्हाच. 'थंडी वाजतेय रे' असं मोठ्यानं म्हटलं की सगळ्यांनी हाताची घडी घालायची, म्हणजे छातीवरचा कॅमेरा झाकला जातो आणि बटण बंद केल्याचा ठपकाही येत नाही. केवढी हुशारी! ती चांगल्या कामाला लावली असती तर हे आज फौजदार असते.

त्या दुपारी गाड्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानासमोर डांबर वितळत होतं आणि यांना थंडी वाजली. तुमच्याबरोबरच्या दोघांनी मुकाट हाताच्या घड्या घातल्या. तुम्ही हात खालीच ठेवून म्हणालात, "साहेब, मला तर उकडतंय." भाऊजी, एवढं एक वाक्य बोलायला तुम्हाला किती जड गेलं असेल, ते मला कळतं. यांच्यासमोर साधं 'नाही' म्हणायचं म्हणजे काय, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

यांच्या चौकशीच्या दिवशी आम्हाला यांनीच नेलं होतं. घरची माणसं मागे बसलेली दिसली की बरं दिसतं, म्हणाले. मी इस्त्रीची साडी नेसून, सासूबाईंचा हात धरून बसले. यांचं आपलं एकच पालुपद, "मी हातसुद्धा लावला नाही. तोच धडपडला." आवाज इतका खणखणीत की मलाच क्षणभर खरं वाटलं. मग भिंतीवर तुमच्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरण लावलं.

चित्रात हे बोलता बोलता गप्प झाले. मनगटावरचं घड्याळ सोडलं. जपून, काचेला ओरखडा उठू नये असं, खिशात ठेवलं.

त्या क्षणी मी खुर्चीत दुमडले. कान झाकले, डोकं खाली घातलं. चित्रात अजून काहीच झालेलं नव्हतं हो! तो बिचारा दुकानदार तर हसून 'साहेब, गाडी घेतो ना बाजूला' म्हणत होता. थप्पड त्यानंतर बसली. खोलीतली सगळी माणसं तेव्हा दचकली, मी आधीच दचकून बसले होते.

सासूबाईंनी ते पाहिलं. भिंतीकडे नाही, माझ्याकडे पाहत होत्या. मग माझं मनगट हातात घेतलं. हेच मनगट, जे न्हाणीघरात पाय घसरून मोडलं असं मी तुम्हाला सांगितलं होतं आणि तुम्ही भाबडेपणानं लादी घासायचा ब्रश आणून दिला होता. लादी फार स्वच्छ निघते त्यानं, त्याबद्दलही आभार. पण पाय घसरला नव्हता, भाऊजी.

घरी येताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "याचा बाप चष्मा काढून ठेवायचा." आणि संध्याकाळी स्वतःच्या हातानं यांची बॅग भरली. "जा बहिणीकडे. इथं यायचं नाही," म्हणाल्या. बेचाळीस वर्षांचा मुलगा आईच्या हातून बॅग घेऊन निघाला. तेव्हापासून आम्ही दोघी आहोत. रात्री दिवा मालवून शांत झोपतो.

आता सांगा, तुम्ही कुठलं घर मोडलंत? मोडलेलं होतं ते दिसलं, एवढंच. आजवर मी सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं? 'तूच चिडवत असशील' म्हणाले असते. तुमच्या कॅमेऱ्यानं त्या दुकानदाराची बाजू घेतली आणि न सांगता माझीही घेतली. त्याच्या एका कानाला अजून कमी ऐकू येतं. पण परवा त्याची बायको मला बाजारात भेटली, आणि मी कोण हे माहीत असून थांबली. म्हणाली, "आम्ही चौकीची पायरी चढणार नव्हतो. पण तो उकडणारा पोलीस असेल तर जाऊ." सगळ्या गल्लीत तुमचं हेच नाव आहे. चौकीत जी शिवी आहे ती बाहेर अशी घेतात, जरा कान देऊन ऐका.

भाऊजी, मी तुमची फार फार ऋणी आहे. हे मनात ठेवून मला झोप लागली नसती.

सोमवारी सकाळी मीही चौकीत येणार आहे, तक्रार द्यायला. स्वतःची. सासूबाई सोबत येतायत, त्यांनी चपला आत्तापासून दाराशी काढून ठेवल्यात. त्या टेबलापलीकडे यांच्याबरोबर जेवलेली, उठलेली-बसलेली माणसं असतील. एखाद्याला भर उन्हात थंडी वाजेल. मला भीती वाटते. तिथं एक तरी माणूस उकडणारा हवा.

आणखी एक. तुम्ही मला वहिनी म्हणता ते यांच्या नात्यानं. ते नातं मी आता उतरवून ठेवतेय. पण तुम्हाला सोडायची माझी तयारी नाही. तेव्हा इथून पुढे अहो-जाहो बंद.

राजीनामा घरी ठेव. कॅमेऱ्याचं बटण दाबून ये.

तुझी,
ताई